गावाजवळ गृहप्रकल्प येतोय? झोन, एनए आणि पर्यावरण मंजुरी : कुठं काय तपासायचं, हरकत कधी घ्यायची

आमच्या शिवारात चार वर्षांपूर्वी माळावर पोकलेन उतरला. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं एनए झालंय, कुणी म्हणालं ग्रामपंचायतीचा दाखला आहे, कुणी म्हणालं वरूनच सगळं मॅनेज आहे. तिसऱ्या दिवशी ओढ्यात मुरूम पडायला लागला, तेव्हा आम्ही दहा-बाराजण तालुक्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "झोन बदलताना हरकत घेतली होती का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. नोटीस दीड वर्षापूर्वी पेपरात येऊन गेली होती. वाचली कुणीच नव्हती.

त्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी माझ्या कांद्यात शिरलं. तेव्हापासून हे कागद मी स्वतः समजून घेतले. शिरूर, दौंड, खेड, पुरंदर, मुळशी, मावळ, कुठल्याही तालुक्यात आता हायवेलगत आणि गावठाणाच्या कडेनं प्रकल्प येतायत. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देतोय. प्रकल्प वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. गावातल्या पोरांनाही घरं लागतात, आणि उद्या गरज पडली तर मीही बांधाकडची जमीन विकीन. पण कुठला कागद कधी तयार होतो आणि आपल्याला बोलायची संधी नेमकी कोणत्या टप्प्यावर असते, हे माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट : झोन

प्रत्येक गटाला एक झोन असतो. रहिवास, औद्योगिक, शेती, वनीकरण, डोंगरमाथा-डोंगरउतार असे त्याचे प्रकार असतात. लोकांच्या भाषेत यलो झोन म्हणजे रहिवास आणि ग्रीन झोन म्हणजे शेती. सातबारा उताऱ्यावर हा झोन कळत नाही. तो ठरतो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली केलेल्या आराखड्यात. ग्रामीण भागासाठी बहुतेक ठिकाणी प्रादेशिक योजना असते, तर नगरपालिका किंवा विकास प्राधिकरणाच्या हद्दीसाठी विकास योजना असते. पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९७ साली मंजूर झालेली आहे.

आपल्या किंवा शेजारच्या गटाचा झोन बघायचा असेल तर नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा. विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असाल तर प्राधिकरणाच्या कार्यालयात. सातबारा, गटाचा नकाशा आणि ठरलेली फी लागते. भाग नकाशात तुमचा गट, आजूबाजूचे गट, प्रस्तावित रस्ते आणि आरक्षणं दिसतात. हा कागद हातात आल्याशिवाय पुढं कुठल्याच गोष्टीवर वाद घालू नका.

झोन बदलतो तेव्हाच आपला आवाज लागतो

शेती झोनमधल्या जमिनीवर मोठा गृहप्रकल्प करायचा असेल तर साधारणपणे झोन बदलून घ्यावा लागतो. प्रादेशिक योजनेत असा फेरबदल कलम २० खाली होतो, मंजूर विकास योजनेत कलम ३७ खाली. दोन्हीत नोटीस काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, बहुधा एक महिन्याची. नव्या विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतीला ३० दिवस असतात. हरकत घेणाऱ्याला सुनावणीला बोलावलं जातं.

एक अपवाद लक्षात ठेवा. शेती झोनमध्येही गावठाणापासून ठरावीक अंतरापर्यंत अधिमूल्य भरून रहिवास वापराची परवानगी मिळू शकते. तिथं झोन बदलाची नोटीस निघेलच असं नाही.

हरकतीनं काय फरक पडतो, असं लोक विचारतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं तो आराखडाच रद्द केला. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. पण आराखडा कागदावर असताना लिहिलेली हरकत फाइलला लागते आणि तिचं उत्तर द्यावं लागतं. पोकलेनपुढं उभं राहून केलेल्या आरडाओरड्याला कुणी उत्तर देत नाही.

उशीर झाला की काय होतं, ते लवासानं दाखवलं. राज्यानं १९९६ मध्ये गिरिस्थान धोरण आणलं. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून जाहीर झाला. म्हणजे जमिनीचा वापर तिथंच ठरला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची 'जैसे थे'ची नोटीस आली २५ नोव्हेंबर २०१० ला. मधल्या नऊ वर्षांत रस्ते, धरण, इमारती उभ्या राहिल्या होत्या. नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या २,००० हेक्टरला अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. डोंगर कापल्यावर झालेल्या तपासणीत अटी घालता येतात, डोंगर परत आणता येत नाही.

एनए, लेआउट, बांधकाम परवानगी : तीन वेगळ्या गोष्टी

"एनए आहे" हे एक वाक्य बोलून एजंट लोकांची तोंडं बंद करतात. खरं म्हणजे अलीकडच्या वर्षांत सरकारनं एनएची वाट बरीच सोपी करत आणली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ४२-ब, ४२-क, ४२-ड ही कलमं आली. आराखड्यात जमीन रहिवासात असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर पूर्वीसारखी वेगळी लांबलचक परवानगी न घेता आकार आणि शुल्क भरून वापर बदलायची सोय झाली. म्हणजे झोन एकदा रहिवास झाला की एनए हा नाक्यावरचा टोल राहतो. रस्ता आधीच ठरलेला असतो. म्हणून पुन्हा सांगतो, नजर झोनवर ठेवा.

एनएच्या पुढं दोन कागद महत्त्वाचे.

* मंजूर लेआउट (रेखांकन) : यात प्लॉट, रस्ते, मोकळी जागा, ओढा-नाला हे सगळं दाखवलेलं असतं. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा जास्त क्षेत्राच्या, म्हणजे साधारण एक एकर व त्यापुढच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा नकाशात कुठं दाखवली आहे ते बघा. काही ठिकाणी नेमकी ओढ्याकाठची, खड्ड्यातली जागा दाखवलेली सापडते.
* बांधकाम परवानगी आणि काम सुरू करण्याचा दाखला : प्रादेशिक योजनेच्या ग्रामीण हद्दीत ही परवानगी कलम १८ खाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, नगररचनेचा अभिप्राय घेऊन मिळते. प्राधिकरणाच्या हद्दीत प्राधिकरण देतं.

ग्रामपंचायतीचा दाखला किती कामाचा?

गावठाणाबाहेरच्या मोठ्या प्रकल्पाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, आणि पर्यावरण मंजुरी तर नाहीच नाही. याचा धडा केरळात मिळाला. कोचीजवळच्या मरडू इथं खाडीकाठी २००६ मध्ये तेव्हाच्या पंचायतीनं बहुमजली इमारतींना परवाने दिले. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमात ते बसत नव्हते. लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून फ्लॅट घेतले. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इमारती पाडायचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चारही गृहसंकुलं स्फोटकं लावून पाडली. फ्लॅटधारकांना तात्पुरती भरपाई म्हणून प्रत्येकी २५ लाखांपर्यंत रक्कम द्यायला लावली.

आपल्याकडच्या सरपंच-उपसरपंचांनी हे ध्यानात ठेवावं. दाखल्यावरची सही साधी वाटते. पण पाणी, सांडपाणी, कचरा आणि रस्ता यांचं काय, हे लिहून घेतल्याशिवाय ती करू नये. दाखला द्यायचाच असेल तर अटींसह द्यावा आणि त्या अटी मासिक सभेच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावात याव्यात.

पर्यावरण मंजुरी कधी लागते?

केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना याला लागू होते. बांधकामासाठी तिचे दोन गट आहेत.

* गट ८ (अ) : एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, पण १,५०,००० चौरस मीटरपेक्षा कमी.
* गट ८ (ब) : बांधकाम १,५०,००० चौरस मीटर किंवा जास्त, किंवा क्षेत्र ५० हेक्टर किंवा जास्त, म्हणजे सुमारे सव्वाशे एकर.

इथं लोकांची एक चूक होते. ८ (अ) मधले २०,००० चौरस मीटर हे जमिनीचं क्षेत्र नाही, बांधकामाचं आहे. सगळे मजले, तळघर आणि पार्किंगसारख्या सोयींची बांधलेली जागा धरून हा आकडा काढतात. तो साधारण २ लाख १५ हजार चौरस फूट होतो. एका घरामागं सगळं मिळून ८० चौरस मीटर धरलं तर २५० घरं झाली की हा आकडा गाठला जातो. दोन एकरात चार उंच इमारती उभ्या राहिल्या तरी मंजुरी लागू शकते. उलट नुसतं प्लॉटिंग करून विकलं, इमारत बांधलीच नाही, आणि क्षेत्र ५० हेक्टरच्या आत असलं, तर बहुतेक प्रकल्प या मंजुरीच्या बाहेर राहतात.

मंजुरी देतं राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण. त्याआधी राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समिती अर्ज तपासते. पाणी कुठून आणणार, सांडपाणी किती आणि त्याचं काय करणार, पावसाचं पाणी कुठं जाणार, किती झाडं जाणार, माती-मुरूम किती निघणार, हे सगळं अर्जात लिहावं लागतं. मंजुरी मिळेपर्यंत जागेला कुंपण घालता येतं, पण बांधकाम सुरू करता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : जनसुनावणी होत नाही

कारखाना किंवा खाण आली की मांडव पडतो, जिल्हाधिकारी येतात, लोक माईकवर बोलतात. ती जनसुनावणी या २००६ च्या अधिसूचनेतलीच. पण याच अधिसूचनेनं बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे. म्हणजे हजार घरांचा प्रकल्प आला तरी गावात मांडव पडणार नाही. "सुनावणी होईल तेव्हा बोलू" म्हणत बसलात तर ती वेळ येणारच नाही. आपल्याला हक्कानं बोलायची जागा मागंच येऊन गेलेली असते, झोनच्या नोटिशीत.

सुनावणी नसली तरी तीन दारं उघडी आहेत.

१) अर्ज चालू असताना लेखी म्हणणं. केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर प्रकल्पाचे अर्ज आणि मंजुऱ्या दिसतात. राज्य, जिल्हा किंवा प्रकल्पाच्या नावानं शोधा. ग्रामसभेचा ठराव, गाव नकाशा आणि विहिरींची माहिती जोडून तज्ज्ञ समितीला पत्र पाठवता येतं.

२) मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीत. अधिसूचनेप्रमाणं मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पवाल्यानं वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते आणि मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते. ग्रामपंचायतीनं ती मिळाल्यापासून ३० दिवस लावून ठेवायची असते. तुमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अशी प्रत कधी बघितली आहे का? नसेल तर विचारा. आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद सापडते.

३) सहामाही अहवाल. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला प्रकल्पवाल्यानं अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. अट एक आणि जागेवर दुसरंच असेल तर तक्रारीला हाच अहवाल पुरावा ठरतो.

आकडे जुळवून बघणं किती कामाचं असतं त्याचं उदाहरण पुण्यात सिंहगड रस्त्यावर घडलं. एका प्रकल्पाला २००८ मध्ये सुमारे ५७,६५८ चौरस मीटर बांधकामाची पर्यावरण मंजुरी होती. प्रत्यक्षात बांधकाम लाख चौरस मीटरवर गेलं. एका नागरिकानं हरित लवादाकडं दाद मागितली. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल ती भरायला लावली.

पाण्याचा साधा हिशोब

कागदातली भाषा बाजूला ठेवून हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. २०० घरं, घरटी ५ माणसं, म्हणजे १,००० लोक. शहरी पद्धतीच्या वसाहतीला माणशी रोज १३५ लिटर धरतात. रोजचे झाले १ लाख ३५ हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावाला माणशी ५५ लिटर धरलेत, म्हणजे तेवढ्याच माणसांना ५५ हजार लिटर. वसाहतीला गावाच्या जवळजवळ अडीचपट पाणी लागतं.

१०,००० लिटरचा टँकर धरला तर रोज तेरा-चौदा टँकर. ते येणार कुठून? बोअर असेल तर शेजारच्या विहिरींचं काय होणार? गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या प्रभावक्षेत्रात नवीन विहीर-बोअर घेण्यावर भूजल कायद्यात बंधन आहे. ते क्षेत्र कुठवर येतं ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडं लेखी विचारा.

वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे रोज लाखभर लिटर. सांडपाणी प्रक्रिया केंद्र कागदावर असतं, पण वीजबिल कोण भरणार हे ठरलेलं नसलं की चार महिन्यांत ते बंद पडतं आणि पाणी ओढ्याला लागतं. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्रही लागतं. त्यात सांडपाण्याच्या अटी असतात. ते मागून घ्या.

मंजुरी लागत नाही म्हणून मोकळं रान नाही

लहान लेआउट पर्यावरण मंजुरीतून सुटला तरी जमिनीचे नियम सुटत नाहीत.

* ओढा-नाला : गाव नकाशात ओढा आहे आणि लेआउटमध्ये नाही, असं दिसलं तर तिथंच तक्रारीचं मूळ आहे. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, आणि महाभूनकाशा संकेतस्थळावर गटाची हद्द बघता येते.
* पूररेषा : निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा बांधकामाला बंद. निळी आणि लाल यांच्या मध्ये निर्बंध असतात. भीमा, घोड, मुळा-मुठेच्या काठच्या गावांनी पाटबंधारे विभागाकडून पूररेषेचा नकाशा घ्यावा.
* डोंगरउतार : १ : ५ पेक्षा जास्त तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. उताराच्या पायथ्याला खोदाई सुरू झाली तर लगेच कळवा, पावसाची वाट बघू नका.
* गौण खनिज : मुरूम-माती काढायला आणि वाहून न्यायला महसूल विभागाची परवानगी लागते.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी

या सगळ्यात गावची हरकत घेणारी माणसंच नसतात. माझा एक भाचा एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं एका ठिकाणी दोन गुंठे घेतले, पैसे दिले, नोटरीचा कागद घेऊन आला. आजवर सातबाऱ्याला नाव लागलेलं नाही. जमीन शेती झोनमध्ये निघाली. तुकडेबंदी कायदा १९४७ पासूनचा आहे, आणि २०२३ मध्ये राज्यानं बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. अलीकडं त्यात सवलती आल्या आहेत, पण त्याही झोनशी जोडलेल्या आहेत. म्हणून पैसे देण्याआधी एवढं बघा.

* झोन दाखला आणि भाग नकाशा
* मंजूर लेआउटची प्रत, सही-शिक्क्यासह
* मोजणी नकाशा (क प्रत) आणि सातबारा-फेरफार
* महारेरा नोंदणी क्रमांक. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि ८ पेक्षा जास्त घरं-प्लॉट असतील तर नोंदणी लागते. जाहिरातीत क्रमांक नसेल तर सावध व्हा. महारेराच्या संकेतस्थळावर मंजुरीचे कागद बघता येतात
* मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरी आणि त्यात लिहिलेला बांधकामाचा आकडा

नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. एजंट कितीही जवळचा असला तरी.

तक्रार कुठं करायची?

* लेआउट, अनधिकृत बांधकाम : जिल्हाधिकारी कार्यालय, तहसीलदार, किंवा प्राधिकरण
* ओढा बुजवणं, मुरूम उपसा : तहसीलदार. स्थळ पाहणी आणि पंचनाम्याची लेखी मागणी करा
* सांडपाणी : प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालय
* कागद मिळत नसेल : माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर
* पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील : राष्ट्रीय हरित लवाद. आपल्या भागासाठी खंडपीठ पुण्यात आहे. मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत. त्यानंतर दार बंद

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

तक्रार एकट्यानं तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, तारखेचे फोटो जोडा. गट नंबर बरोबर लिहा. निम्म्या तक्रारी चुकीच्या गट नंबरामुळं परत येतात, हे मी बातमीदार म्हणून वारंवार बघितलंय.

गावानं आजच करायची कामं

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभांना एक कायमचा विषय ठेवा : "गावच्या हद्दीतील झोन फेरबदल, लेआउट व पर्यावरण मंजुरी". गावातल्या दोन-तीन तरुणांकडं जबाबदारी द्या. एकानं दर आठवड्याला पेपरातल्या जाहीर सूचना बघायच्या, दुसऱ्यानं परिवेश आणि महारेराची संकेतस्थळं. आपल्या गावाचं नाव दिसलं की त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचं. झोन नकाशा मोठा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. खर्च दोन-पाचशे रुपयांचा आहे.

आमच्या ओढ्याचं काय झालं ते सांगून थांबतो. गाव नकाशा जोडून तक्रार केली, पाठपुरावा केला. आठ महिन्यांनी पंचनामा झाला आणि ओढा उकरून दिला, पण पहिल्या रुंदीच्या निम्माच. बाकी निम्म्यावर आज डांबरी रस्ता आहे आणि तो लेआउटमध्ये मंजूर आहे. मोठा पाऊस आला की मी रात्री बॅटरी घेऊन बांधावर जातो. त्या नोटिशीचं कात्रण नंतर शोधून काढलं. चार ओळींची होती, आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावाच्या नावानं तशीच एक नोटीस दिसली. त्यांच्या सरपंचांना लगेच फोन केला. त्या गावानं आठवड्यात एकशे बारा सह्यांची हरकत दिली, गाव नकाशा आणि विहिरींच्या यादीसह. निकाल काय लागेल ते पुढं कळेल. पण सुनावणीच्या दिवशी त्यांना कुणी "तेव्हा कुठं होता?" असं विचारू शकणार नाही.